अवांतर वाचन : कोळशावर चाललेलें घर

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव ठाऊक नाहीं असें घर आपल्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र १८८९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून आजीनें नातीस सांगावयाच्या गोष्टींत त्यांची गोष्ट जाऊन बसली. ती सांगतांना आपण कलकत्त्याहून निघालेल्या बोटीचें वर्णन करतों, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय विद्यालयाचें करतों. मध्यें एका लहानशा गांवाचें नांव येतें, तें मात्र ओझरतें उच्चारून पुढें जातों. तें गांव म्हणजे न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल. ता. ४ जून १८८३ रोजीं आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या; त्यांस न्यावयास मिसेस कार्पेंटर आल्या होत्या, आणि त्या बाईंच्या रोझेल येथील घरींच आनंदीबाईंचे अमेरिकेंतील पहिले महिने गेले.

रोझेल न्यूयॉर्कपासून पंधराएक मैलांवर आहे. त्या काळीं तेथें जावयाचें म्हणजे वाफेच्या तरीनें हडसन नदी ओलांडावयाची, पैलतीरीं जर्सी सिटीस आगगाडींत बसावयाचें, आणि नेवार्कच्या खाडीवरील लांबच लांब पुलावरून एलिझाबेथ शहर मागें टाकून पुढें जावयाचें. ज्या कंपनीच्या रुळांवर हें गांव वसलें तिचें नांव ‘सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी’. लोकांच्या तोंडीं ‘जर्सी सेंट्रल’. (इंग्रज ज्याला रेलवे म्हणतो त्याला अमेरिकन मनुष्य रेलरोड म्हणतो.) या कंपनीचा इतिहास मीं हातीं घेतला तो केवळ आनंदीबाईंमुळें. पण वाचतां वाचतां त्या बाजूस राहिल्या, आणि भरल्या गोकुळासारखें मोठें, परंतु एकाच कर्त्याच्या कमाईवर चाललेलें एक घर डोळ्यांपुढें उभें राहिलें. अशीं घरें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. या घराचा कर्ता म्हणजे कोळसा.

न्यू जर्सी हें संस्थान आकारानें लहान. पूर्वेस न्यूयॉर्कचें शहर व बंदर, पश्चिमेस डेलावेअर नदी, आणि नदीपलीकडे पेन्सिल्व्हानियाच्या डोंगरांत दगडी कोळशाच्या खाणी. दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मधें राहणाऱ्यास जो लाभ आणि जो त्रास व्हावयाचा, तो दोन्ही न्यू जर्सीच्या वांट्यास भरपूर आला. आरंभीं मात्र बेत अगदीं आंखूड होता. १८३१ सालीं ‘एलिझाबेथटाऊन अँड सोमरव्हिल’ या कंपनीस सनद मिळाली. आंतल्या गांवांतील माणसें आणि माल खाडीकांठीं आणावा व तेथून आगबोटीनें न्यूयॉर्कला पोंचवावा, एवढाच तिचा व्यवहार. १८३६ मध्यें मार्गाचा पहिला तुकडा खुला झाला तेव्हां डबे ओढावयास घोडे जुंपले होते! सोमरव्हिल गांठावयास १८४२ साल उजाडलें, आणि तोंवर कंपनीची थैली रिकामी होत आली. पुढें पश्चिमेकडे जाण्यासाठीं निघालेल्या दुसऱ्या एका कंपनीनें १८४९ सालीं ही जुनी कंपनी विकत घेतली, व दोहोंची मिळून ‘सेंट्रल रेलरोड’ झाली. १८५२ मध्यें तिचे रूळ डेलावेअरच्या कांठीं फिलिप्सबर्ग येथें पोंचले.

आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती याच्या पुढल्याच वर्षीं, १८५३ च्या एप्रिलांत. काळ एकच, पण दोहींच्या पत्रिका निराळ्या. आमच्या जी. आय. पी. कंपनीच्या भागीदारांस शेंकडा पांच व्याजाची सरकारी हमी होती. गाडी रिकामी धांवली तरी लंडनमधील भागीदाराचें व्याज हिंदुस्थानच्या तिजोरींतून चुकतें होई. जर्सी सेंट्रलच्या पाठीशीं अशी तिजोरी नव्हती. जें मिळवावयाचें तें स्वतः मिळवावयाचें, आणि बुडावयाचें तर स्वतः बुडावयाचें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण शेंवटीं सगळा प्रश्न येऊन थांबतो तो येथेंच.

कंपनीचा खरा शिल्पकार जॉन टेलर जॉन्स्टन. १८४८ सालीं तो अध्यक्ष झाला तेव्हां त्याचें वय होतें अवघें २८. मनुष्य सुशिक्षित, श्रीमंत आणि कलांचा शोकी. न्यूयॉर्कचें सुप्रसिद्ध मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय १८७० सालीं स्थापन झालें त्याचा पहिला अध्यक्ष हाच. पण चित्रें पाहणाऱ्या या डोळ्यांस काळा कोळसाहि नीट दिसत होता. पेन्सिल्व्हानियाच्या ईशान्य भागांतील कोळसा सामान्य दगडी कोळशाहून निराळा. त्यास अँथ्रासाइट म्हणतात. तो कांचेसारखा कठीण व चकचकीत असतो. पेटवावयास कष्ट पडतात, पण एकदां पेटला कीं धूर नाहीं, काजळी नाहीं, मंद निळसर ज्योत आणि रात्रभर ऊब. ज्या गृहिणीनें ओल्या लांकडांपुढें बसून फुंकणीनें डोळे लाल करून घेतले असतील, तिला या कोळशाचें मोल निराळें सांगावयास नको. न्यूयॉर्कचा हिंवाळा बर्फाचा. घरोघरीं तळघरांत भट्टी. आणि भट्टी खाई ती अँथ्रासाइट. ह्या कोळशास खाणीपासून समुद्रापर्यंत नेणारी वाट ज्याच्या हातीं, त्याच्या घरीं लक्ष्मी पाणी भरणार हें उघड होतें.

जॉन्स्टननें ती वाट दिली. १८५५ पासून लीहाय व्हॅली कंपनीचा कोळसा डेलावेअरपर्यंत येऊं लागला व तेथून जर्सी सेंट्रलच्या रुळांवर चढूं लागला. पुढल्या वर्षीं लॅकवाना नांवाची दुसरी कंपनी दाराशीं आली. पण तिच्या रुळांमधील अंतर सहा फूट, आणि यांचें चार फूट साडेआठ इंच! मिरजेच्या स्टेशनावर एके काळीं दोन मापांच्या गाड्या येत व एका गाडींतील माल दुसरींत चढवितांना हमालांची कोण तारांबळ उडे, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. जर्सी सेंट्रलनें त्यावर तोड काढली ती मोठी सुटसुटीत : आपल्या दोन रुळांशेजारीं तिसरा रूळ टाकला, आणि त्याच वाटेनें दोन्ही मापांच्या गाड्या चालविल्या. पाहुण्याचा पाट थोडा सरकवून घेतला म्हणावयाचें.

१८६४ सालीं खाडीवर पूल झाला आणि आगबोटीची गरज संपून गाड्या थेट जर्सी सिटीपर्यंत, न्यूयॉर्कच्या अगदीं समोर, येऊं लागल्या. तेथील किनारा म्हणजे दलदल. कंपनीनें न्यूयॉर्क शहराचा केरकचरा आणवून ती भरून काढली व त्या जागेवर आपलीं स्टेशनें, धक्के व कोळशाचीं आवारें उभारलीं. आजूबाजूच्या रहिवाशांस दुर्गंधीचा काय त्रास झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. परंतु ज्या जागेवरून पुढें लाखों माणसें आशेनें नव्या जगांत शिरावयाचीं होतीं, ती जागा मुळांत उकिरड्यावर उभी होती ही गंमत लक्षांत राहण्यासारखी आहे.

कोळशाच्या गाड्या धांवूं लागल्या. आतां त्याच रुळांवरून माणसेंहि न्यावीं असें कंपनीस वाटलें यांत नवल नाहीं. पण माणसें आणावयाचीं कोठून? तर ती वसवावयाचीं! कंपनीच्या आश्रयानें ‘सेंट्रल न्यू जर्सी लँड इम्प्रूव्हमेंट कंपनी’ या नांवाची एक जमीनविकास कंपनी निघाली. तिनें रुळांच्या दुतर्फा शेतें घेतलीं, रस्ते आंखले, झाडें लावलीं, घरांचे तुकडे पाडले. पतीनें सकाळीं गाडी धरून न्यूयॉर्कच्या कचेरींत जावें, सायंकाळीं परत यावें. बायकामुलांनीं मोकळ्या हवेंत रहावें. असा हा संसाराचा नवा नमुना होता. रोझेल अशाच गांवांपैकीं एक. आनंदीबाई तेथें पोंचण्यापूर्वीं अवघे पांच महिने, ता. १९ जानेवारी १८८३ रोजीं, एडिसननें या गांवांत खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले. डोक्यावरून तारा नेऊन गांव उजळण्याचा हा जगांतील पहिला प्रयोग. कल्याणच्या वाड्यांत समईच्या उजेडांत वाढलेली ती अठरा वर्षांची मुलगी जगांतील सर्वांत नव्या उजेडांत जाऊन उतरली होती.

या नव्या वस्तीचें लोण मुंबईकर वाचकांस नीट समजेल. गिरगांवांतील बिऱ्हाड सोडून दादर, पार्ले, ठाण्याकडे गेलेल्या कुटुंबांची कथा थोड्याफार फरकानें हीच आहे. मात्र या व्यवहारांत कंपनीच्या गळ्यांत एक धोंड नकळत पडली. रोज येजा करणारा उतारू पास काढून स्वस्तांत जातो, आणि सगळे उतारू सकाळीं एकाच घटकेस व संध्याकाळीं एकाच घटकेस येतात. त्या दोन घटकांसाठीं डबे, एंजिनें, माणसें सगळीं ठेवावीं लागतात. उरलेला दिवस तीं रिकामीं. लग्नाच्या पंगतीपुरतीं लागणारीं हंडेपातेलीं वर्षभर घरांत सांभाळून रोज घांसावींत, तसा हा प्रकार. कोळशाची मिळकत होती तोंवर हा खर्च कोणास जाणवला नाहीं. भरल्या घरांत चार पानें अधिक वाढलीं म्हणून कोण मोजतो?

१८७१ मध्यें जॉन्स्टननें मोठी उडी घेतली. पेन्सिल्व्हानियांतील लीहाय अँड सस्क्वेहाना हा मार्ग त्यानें भाडेपट्ट्यानें घेतला, आणि जर्सी सेंट्रल थेट खाणींच्या तोंडाशीं जाऊन पोंचली. लीहाय अँड विल्क्स-बॅरे ही कोळशाची कंपनीहि तिच्या ताब्यांत आली. पण काळ फिरला होता. १८७३ सालीं अमेरिकेंत पेढ्या धडाधड बुडाल्या, कोळशाचा भाव पडला, आणि ज्या लीहाय व्हॅलीचा कोळसा आजवर यांच्या रुळांवरून येई तिनें न्यू जर्सींतून स्वतःचा मार्ग टाकला. १८७७ मध्यें न्यायालयानें जर्सी सेंट्रलचा कारभार रिसीव्हरच्या हातीं दिला. जॉन्स्टनचें स्वतःचें वैभवहि त्याबरोबर गेलें. १८७६ च्या डिसेंबरांत त्याचा चित्रसंग्रह लिलांवांत निघाला. त्यांत चर्चनें काढलेलें नायगारा धबधब्याचें प्रख्यात चित्र होतें; तें वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन संग्रहालयानें १२,५०० डॉलरांस घेतलें. टर्नरचें ‘गुलामांचें जहाज’ हेंहि त्यांतच गेलें. तें आज बोस्टनला आहे. दुसऱ्यांसाठीं कलामंदिर उभारणाऱ्यानें स्वतःच्या भिंती उघड्या झालेल्या पहाव्या, हा प्रसंग मला या साऱ्या इतिहासांत फार चटका लावणारा वाटतो. ऋण काढून केलेल्या विस्तारांत त्याचा दोष नव्हता असें नाहीं; पण त्यानें स्वतःचें कांहीं झांकून ठेवलें नाहीं, हेंहि खरें.

यापुढें कंपनी स्वतंत्र राहिली ती नांवापुरती. १८८३ च्या मे महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फिया अँड रीडिंग या बलाढ्य कंपनीनें तिला पट्ट्यानें घेतलें. म्हणजे आनंदीबाई बोटींतून उतरण्यापूर्वीं आठवडाभर आधीं घरांत नवा कारभारी आला होता. रोझेलहून फिलाडेल्फियास जाणारी सरळ वाट या दोन कंपन्यांच्या रुळांवरूनच होती : बाऊंड ब्रूकपर्यंत जर्सी सेंट्रल, तेथून पुढें रीडिंगच्या ताब्यांतील मार्ग. तो पट्टा चार वर्षांत मोडला. पण १९०१ सालीं रीडिंगनें बहुसंख्य भागच विकत घेतले, आणि जर्सी सेंट्रल कायमची धाकटी जाऊ झाली.

आतां ज्यांच्या श्रमावर ही सगळी ऊब चालली होती त्यांच्याकडे वळलें पाहिजे. खाणींतून निघालेला कोळसा फोडून, चाळून, त्यांतील दगड वेगळे करण्याचें काम लहान लहान मुलें करीत. घसरणीवरून वाहत येणाऱ्या कोळशावर वांकून दिवसभर बसावयाचें, आणि उघड्या बोटांनीं दगड वेचावयाचे. १९०२ च्या मे महिन्यांत या भागांतील सुमारे १,४७,००० खाणकामगारांनीं संप पुकारला. रीडिंगचा आणि जर्सी सेंट्रलचा अध्यक्ष त्या वेळीं जॉर्ज बेअर हा होता. संप मिटविण्याविषयीं एका गृहस्थानें त्यास पत्र लिहिलें, तेव्हां त्यानें उत्तरीं कळविलें कीं, मजुरांच्या हिताची काळजी चळवळे लोक घेणार नाहींत, ईश्वरानें ज्यांच्या हातीं देशाची मालमत्ता सोंपविली आहे ते धर्मशील सद्गृहस्थच घेतील. हें पत्र वर्तमानपत्रांत छापून आलें आणि देशभर हंसें झालें. देवाचें नांव घेऊन स्वतःची तिजोरी राखणें ही कला एका देशाची मिरास नव्हे. आपल्याकडेहि ती चांगली अवगत आहे. पण इतक्या भाबडेपणानें ती कागदावर उतरविणारा विरळा!

संप १६३ दिवस चालला. हिंवाळा दाराशीं आला, न्यूयॉर्कमध्यें कोळसा मिळेना, तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मध्यें पडले. मालक आणि मजूर यांच्यामध्यें सरकारनें पंच म्हणून उभें रहावें, ही तिकडे नवीनच गोष्ट होती. पंचमंडळानें शेंकडा दहा मजुरीवाढ व दिवसाचे कामाचे तास कमी करण्याचा निवाडा दिला; मजूरसंघास मान्यता मात्र मिळाली नाहीं. पुढें १९०६ च्या कायद्यानें रेल्वे कंपन्यांनीं स्वतःच्या मालकीचा माल स्वतःच वाहून नेण्यास बंदी झाली, आणि खाण व गाडी यांची सोयरीक सरकारनें हळूहळू सोडविण्यास आरंभ केला.

जर्सी सिटीचें नवें स्टेशन १८८९ मध्यें बांधून झालें होतें. लाल विटांची ती भव्य इमारत अगदीं पाण्याला भिडून उभी आहे. आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनाहून वयानें थोडी धाकटी. १८९२ पासून समोरच्या एलिस बेटावर परदेशाहून येणाऱ्यांची तपासणी होऊं लागली. तपासणींतून सुटलेल्यांपैकीं फार मोठा भाग बोटीनें याच स्टेशनावर येई व येथून देशभर पांगे. पाठीवर गांठोडें, कडेवर मूल, हातांत परभाषेंतील तिकीट. त्यांतले कित्येक पोल, स्लोव्हाक, इटालियन पुनः याच कंपनीच्या गाडीनें कोळशाच्या खाणींत मजुरीस गेले. एकाच रुळावरून कोळसा इकडे यावा आणि तो खणणारीं माणसें तिकडे जावीं, असा हा रहाट होता. १९१४ पर्यंत स्टेशनामागें वीस रुळांवर पसरलेलें प्रचंड छप्पर पुरें झालें. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीच्या वॉशिंग्टनच्या गाड्याहि येथूनच सुटत.

कंपनीचीं एंजिनेंहि मोठीं गमतीचीं. अँथ्रासाइटचा चुरा सावकाश जळतो, म्हणून त्यास फार रुंद भट्टी लागे. ती इतकी रुंद कीं मागें ड्रायव्हरच्या खोलीस जागाच उरेना. मग ती खोली बॉयलरच्या मध्यावर खोगिरासारखी बसविली, व फायरमन एकटा मागें राहिला. दोघांमध्यें तापलेलें धूड, बोलावयाचें कसें? या एंजिनांस ‘उंटपाठी’ एंजिनें म्हणत. १९५४ पर्यंत तीं या मार्गावर दिसत. परंतु गंमत याहून पुढें आहे. न्यूयॉर्क शहरांत धुराच्या एंजिनांस कायद्यानें बंदी झाली, तेव्हां १९२५ सालीं ब्राँक्स भागांतील आपल्या लहानशा मालगोदामासाठीं जर्सी सेंट्रलनें ३०० अश्वशक्तीचें एक तेलावर चालणारें एंजिन घेतलें. नंबर १०००. व्यापारी कामास लागलेलें हें पहिलें यशस्वी डीझेल-विद्युत एंजिन. तें आज बाल्टिमोरच्या रेल्वे-संग्रहालयांत ठेवलेलें आहे. जिचा प्राण कोळसा, त्याच कंपनीनें तेलाच्या राक्षसास प्रथम घरांत घेतलें!

तें वर्षहि असें साधलें कीं काय सांगावें. १९२५ च्याच सप्टेंबरांत अँथ्रासाइटच्या खाणींत पुनः संप झाला व तो पांच महिन्यांहून अधिक चालला. हिंवाळ्यांत कोळसा मिळेना म्हणून कित्येक घरांनीं तेलाच्या भट्ट्या बसविल्या. आणि एकदां बसविल्यावर काढल्या नाहींत. ह्यांत निर्णय कोणी केला म्हणाल तर तो गिरणीवाल्यांनीं नव्हे, घरांतील बायकांनीं. पहांटे उठून तळघरांत उतरा, भट्टींत फावड्यानें कोळसा टाका, आदल्या दिवसाची राख घमेल्यांत भरून बाहेर नेऊन ओता. आणि त्याऐवजीं एक कळ फिरविली कीं झालें! कोण मागें फिरेल? १९१७ सालीं अँथ्रासाइटचें उत्पादन सुमारें १० कोटी टन, म्हणजे परमावधीस, गेलें होतें. पुढें तें ओसरत गेलें तें कायमचें. घरचा कर्ता थकूं लागला होता.

पण थकलेल्या कर्त्याच्या घरींहि एखादा सण थाटांत होतो. १९२९ च्या फेब्रुवारींत कंपनीनें जर्सी सिटीहून अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यास जाणारी ‘ब्ल्यू कॉमेट’ गाडी सुरू केली. निळे डबे, निळें एंजिन, निळ्या गाद्या. प्रत्येक डब्यास एकेका धूमकेतूचें नांव. आणि तिकिटाला एक पैसाहि अधिक नाहीं. गरिबांसाठीं राजेशाही गाडी, हा त्यांतील खरा गुण. वर्ष संपण्यापूर्वीं मंदी आली, मोटारी वाढल्या, आणि १९४१ च्या सप्टेंबरांत धूमकेतु मावळला.

१९३९ मध्यें कंपनी पुनः न्यायालयाच्या आश्रयास गेली. तिच्या दुःखाचें एक मोठें कारण म्हणजे न्यू जर्सीचा कर. पाण्याकांठची मौल्यवान जागा, स्टेशनें, आवारें, सगळें त्या संस्थानांत. त्यावर जबर पट्टी. मिळकत मात्र कोळशाच्या पेन्सिल्व्हानियांत. तेव्हां १९४६ सालीं कंपनीनें एक युक्ति योजिली. पेन्सिल्व्हानियांतील मार्ग ‘सेंट्रल रेलरोड ऑफ पेन्सिल्व्हानिया’ या निराळ्या नांवावर केला. तेच रूळ, तींच एंजिनें, तींच माणसें; कागदोपत्रीं मात्र वाटणी! करापुरती वाटणी करून एकाच चुलीवर जेवणारीं घरें आपल्यापैकीं कोणीं पाहिलीं नसतील? न्यायालयापुढें ही युक्ति टिकली नाहीं, आणि १९५२ मध्यें दोन्ही घरें पुनः एक झालीं. तोंवर न्यू जर्सींत मोटारींचे प्रशस्त राजमार्ग तयार झाले होते. माल ट्रकांत गेला, रविवारचे उतारू मोटारींत गेले. उरला तो फक्त सकाळ-संध्याकाळचा पासवाला, ज्याच्यामुळें कंपनीस तोटाच होई, आणि ज्याला सोडावयास सरकार परवानगी देईना.

ता. १५ सप्टेंबर १९५८ ची सकाळ. बे हेडहून जर्सी सिटीस जाणारी गाडी कचेरींत निघालेल्या उतारूंना घेऊन नेवार्कच्या खाडीशीं आली. एका जहाजासाठीं पुलाचा मधला भाग वर उचललेला होता, सिग्नल लाल होते. गाडी थांबली नाहीं. दोन्ही एंजिनें आणि मागले दोन डबे खाडींत पडले, तिसरा डबा पुलाच्या कडेस लोंबकळत राहिला. ४८ माणसें गेलीं. रोजची वाट, रोजची बैठक, हातांत रोजचें वर्तमानपत्र. घरीं चुलीवर कॉफीचें भांडें अजून गरम असेल.

१९६० पासून संस्थान सरकारनें उतारूंच्या गाड्यांसाठीं कंपन्यांस पैसे द्यावयास आरंभ केला. म्हणजे ज्या सरकारी तिजोरीशिवाय ही कंपनी जन्मली होती तिच्याच दारीं तिला शेंवटीं उभें रहावें लागलें. आमच्या जी. आय. पी. ला पहिल्या दिवशीं जें मिळालें तें हिला सव्वाशें वर्षांनीं मिळालें. तेंहि भागीदाराचें व्याज भरावयास नव्हे, गिऱ्हाईकाची गाडी चालू रहावी म्हणून. माझ्या मतें या दोहोंत दुसरें अधिक न्याय्य, पण तें फार उशिरा आलें. १९६७ च्या मार्चांत कंपनीनें पुनः दिवाळें पुकारलें. ता. ३० एप्रिल १९६७ रोजीं जर्सी सिटीचें स्टेशन आणि लिबर्टी स्ट्रीटची तर दोन्ही बंद झालीं. गाड्या आल्डीन येथें दुसऱ्या रुळांवर वळवून नेवार्ककडे नेण्यांत आल्या. १९७२ मध्यें पेन्सिल्व्हानियांतील मार्ग सुटला, आणि खाणींशीं असलेला शंभर वर्षांचा संबंध तुटला. १ एप्रिल १९७६ रोजीं इतर अनेक दिवाळखोर कंपन्यांबरोबर जर्सी सेंट्रलचे रूळ सरकारनें स्थापिलेल्या कॉनरेल संस्थेंत गेले. उतारूंच्या गाड्या पुढें संस्थानाच्या वाहतूक मंडळाकडे आल्या, आणि त्या आजहि रॅरिटन व्हॅली मार्ग या नांवानें धांवतात.

मात्र रोझेलच्या शिवेवर येतांच ती गाडी आल्डीनकडे वळते. ज्या वाटेनें मिसेस कार्पेंटर यांच्या घरीं जावें लागे, त्या वाटेवरच्या स्टेशनांत आतां उतारूंची गाडी थांबत नाहीं. जर्सी सिटीची लाल विटांची इमारत दुरुस्त करून उद्यानांत राखून ठेवली आहे, आणि तिच्या धक्क्यावरून पर्यटकांच्या बोटी एलिस बेटास व स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे जातात. इमारतीच्या मागें, वीस रुळांवरील त्या मोठ्या छपराखालीं, गाड्या बंद झाल्यावर वर्षानुवर्षें झुडपें वाढत राहिलीं.